पानावरून उठवलेला आमदार

मुकुंदराव नाडगीर यांनी बोलावलं आणि माणूस आला नाही, असं धारवाडच्या मळमड्डीत सहसा घडत नाही. कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात गेली, तेव्हा समन्स काढायची सवय जाणार कशी, असं त्यांची बायको विमलाबाई म्हणतात. पण समन्स मिळालेला माणूस तोंड पाडून येतो. मुकुंदरावांकडचा हसत येतो आणि ढेकर देत जातो, एवढा फरक आहे.

व्हॉट्सअॅपवर पत्रिका टाकून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग आहे. ते स्वतः जातात. बसतात, पाणी पितात, घरातल्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करतात, मग अक्षता देतात. निघताना दारातून पुन्हा एकदा मागे वळून म्हणतात, "वाट बघतो हं. तुम्ही आल्याशिवाय पान मांडणार नाही." आता एवढं म्हटल्यावर कोण घरी बसेल? आणि एकदा आलात की जेवल्याशिवाय सुटका नाही. मधुमेह आहे म्हणणाऱ्यालासुद्धा त्यांनी होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढलेली आहे, वर तुपाची धार सोडून.

या आग्रहाची ताकद काय असते हे राजकारणातल्या माणसांना उशिरा कळलं. आधीचे आमदार सावनीच्या, म्हणजे मुकुंदरावांच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला आले होते. पानावर बसले, दोन घास खाल्ले, फोन वाजला आणि उठून चालते झाले. झालं! मुकुंदरावांनी ते जे मनात धरलं ते धरलंच. पुढे कुठल्याही मांडवात, कुठल्याही कट्ट्यावर विषय निघाला की ते शांतपणे सांगत, "माणूस वाईट नाही हो, पण भरल्या पानावरून उठतो." निवडणूक आली तेव्हा ते नव्या उमेदवारासाठी, गुरुराजअण्णांसाठी, दारोदार गेले. भाषण नाही, पत्रक नाही. लग्नाचं आमंत्रण देतात तसं मतदानाचं दिलं, अगदी म्हातारीच्या गुडघ्यासकट. आधीचे आमदार पडले. आणखीही कारणं असतील, पण मळमड्डीत आजही सगळे एकच कारण सांगतात.

गुरुराजअण्णांनी त्यातून धडा घेतला. लग्न, मुंज, वास्तुशांत, मयत, जिथे बोलावणं तिथे अण्णा हजर. आपल्याकडे तशीही आमदाराने सभागृहात काय दिवे लावले हे विचारायची पद्धत नाही. मांडवात आला का, जेवला का, फोटोला थांबला का, एवढं झालं की आपलं समाधान. वर पुन्हा राज्य बिघडलं म्हणून रडायला आपण मोकळे.

ते विचारायची पाळी आली ती सावनीवर. सावनी नर्स. अळणावरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होती, रोज बसने जाऊन येऊन करायची. कंत्राटी नर्सला बाळंतपणाची रजा म्हणजे सरळ घरी बसणं. जागेवर दुसरी येते, आणि परतल्यावर ओळखही दाखवत नाहीत. तिच्याबरोबरची रेश्मा पहिल्या बाळंतपणानंतर बारशाच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाली होती. दूध येऊन झंपर भिजायचा आणि ती तशीच इंजेक्शनं देत फिरायची. आता सावनीला सातवा लागला होता.

त्याच हिवाळ्यात विधानसभेत कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचं एक विधेयक आलं. त्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचं कलम होतं. खर्च वाढतो म्हणून ते तेवढं कलम गाळावं, अशी एक दुरुस्ती काही आमदारांनी आणली होती. सत्तेतली आणि विरोधातली माणसं दोन्हीकडे होती, पक्षांनी कुणाला बांधून ठेवलं नव्हतं. कोण कुठे उभं राहणार आणि मुळात किती जण हजर असणार, यावर सगळं अडलं होतं. कलम टिकलं तर सावनीची नोकरी टिकणार, नाहीतर महिन्याभरात तिला राजीनामा लिहावा लागणार, इतकं ते सरळ होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुकुंदरावांनी लेकीचं डोहाळजेवण ठरवलं. धनुर्मास तोंडावर आला होता, त्याआधीचा तो शेवटचा चांगला दिवस.

"गुरुराजअण्णांना बोलावतो," ते म्हणाले.

"कुबसाला आमदार?" विमलाबाईंनी कपाळावर हात मारला. आमच्याकडे डोहाळजेवणाला कुबसच म्हणतात. "बायकांच्या कार्यक्रमात तो बाप्या काय करणार? ओटी भरणार?"

सावनी मात्र गंभीर होती. "अप्पा, त्यांना इथे नका बोलावू. सभागृहात बसायला सांगा. आमचं कलम याच आठवड्यात आहे."

"दोन्ही सांगतो की. मत आपल्या कलमाला द्या म्हणून सांगतो आणि जेवायला या म्हणूनही सांगतो. अधिवेशन काय बेंगळुरात आहे होय? बेळगाव तर इथं हाताशी. आणि तुझा विषय कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आहे. मी विचारून घेतलंय."

तर कुबसाच्या दिवशी अण्णा आले. घरापुढच्या गल्लीत मांडव, बाजूला सारलेल्या स्कूटर, आत फुलांच्या दागिन्यांत मढलेली सावनी झोपाळ्यावर. अण्णांनी लांबूनच तिला नारळ दिला, पाचपन्नास फोटो निघाले, आणि मुकुंदरावांनी हाताला धरून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. कृतार्थ झाल्यासारखं वाटलं त्यांना. शिरस्तेदाराच्या मुलीच्या कुबसाला आमदार येतो, याहून आणखी काय पाहिजे! मीठ, लिंबू, कोशिंबिरी वाढून झाल्या. चार रंगांचे भात आले. अण्णांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, कानाला लावला, "हं, हं" केलं आणि फोन मांडीखाली सरकवून पुन्हा बसून राहिले.

तेवढ्यात झोपाळ्याकडून सावनीने वडिलांना हाक मारली. तिच्या कानाला फोन होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. बेळगावला नर्सेसच्या धरण्यावर बसलेली रेश्मा बोलत होती.

"अप्पा, आमचा विषय उद्या नाही, आज तीन वाजता घेतायत. आज मोठा मुहूर्त आहे ना. निम्मे आमदार कुठल्या ना कुठल्या लग्नात आहेत, बाकं रिकामी आहेत म्हणतेय. ज्यांना कलम नको आहे ते सगळे मात्र हजर बसलेत."

मुकुंदरावांनी घड्याळ बघितलं. एक वाजून गेला होता. ते पंगतीत परतले, अण्णांच्या पानापुढे उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, तीन वाजता मतदान आहे म्हणे."

"हो," अण्णा खाली बघत म्हणाले. "आत्ता पीएचा फोन आला तो त्याचाच."

"मग तुम्हाला माहीत होतं? आणि बसून राहिलात?"

अण्णांनी भातात बोट फिरवलं. "पान वाढलंय की हो मुकुंदराव. आधीचे पानावरून उठले, त्यांचं मळमड्डीने काय केलं? कुणी केलं? आता मी उठू म्हणता?"

मुकुंदरावांना कुणीतरी श्रीमुखात भडकावल्यागत झालं. त्या माणसाला इथे कुणी दोरीने बांधलेलं नव्हतं. त्याला मुकुंदरावांच्या तोंडाने बांधलं होतं. गेली काही वर्षं मांडवामांडवात जे मिटक्या मारत सांगितलं, ते आज त्यांच्याच लेकीच्या मुळावर आलं होतं. डोळ्यांसमोर पान, पानावर चार रंगांचे भात, पलीकडे ताट धरून उभी असलेली विमला, होळगी वाढायच्या बेतात.

मुकुंदराव उठले. आयुष्यात जे तोंडातून कधी निघालं नव्हतं ते निघालं.

"एळ्री अण्णा. उठा."

पंगत थबकली. अण्णांनाही वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"उठा म्हणतो ना! हात धुवा आणि निघा. तीनच्या आत तिथे पोचा."

"अहो, पण एक घास तरी..." विमलाबाई कळवळल्या. सातव्या महिन्याच्या लेकीच्या घरातून माणूस उपाशी जाणार!

"एक घाससुद्धा नको. घासामागे घास येतो, मला माहीत आहे, मीच वाढतो." मुकुंदरावांनी स्वतः तांब्यातून अण्णांच्या हातावर पाणी घातलं. पंगतीत एक वेणूबाई म्हणून शेजारीण होत्या, त्या पुटपुटल्या, "भरल्या पानावरून उठवतात काय कुणाला? अपशकुन की." मुकुंदराव त्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "वेणूअक्का, अपशकुन मी आजवर सांगत फिरलो तो होता. आमदार इथे जेवला तर माझं नाव होईल. तिथे उभा राहिला तर माझी पोर नोकरीत राहील. पानावरून उठला म्हणून मी आता कुणाला पुन्हा काही बोलणार नाही. होगि बर्री अण्णा, जाऊन या. लौकर!"

गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली तरी मुकुंदराव रस्त्यात उभे होते, आणि त्यांचे हात जोडलेले होते.

पुढच्या पंगती उठल्या, ओटी भरली, गाणी झाली. मुकुंदराव जेवले नाहीत. पाहुणा उपाशी गेला आणि यजमान जेवला हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. जावई सुमंत येऊन दोनदा विनवून गेला. ते मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून फोन मांडीवर घेऊन बसले. तीन वाजले, चार वाजले. पाचच्या सुमारास फोन आला. अण्णांचा आवाज शाळकरी पोरासारखा उड्या मारत होता.

"राहिलं! कलम राहिलं मुकुंदराव! तीन मतांनी ती दुरुस्ती पाडली!"

अण्णा बोलत सुटले. वाटेत त्यांनी गाडीतून ओळखीच्या आमदारांना फोन लावले होते. एक कित्तूरजवळ लग्नात, दुसरा बैलहोंगलला, तिसरा तर बेळगावातच एका रिसेप्शनला. सगळ्यांचं एकच रडगाणं: यजमान सोडत नाही, पान वाढलंय. "मी म्हटलं, अरे, मला तर यजमानानेच उठवून लावलंय, तेही पोरीच्या कुबसात! तुमच्या यजमानाला फोन द्या, मी सांगतो. बैलहोंगलच्या नवरीच्या बापाशी मी स्वतः बोललो. तो म्हणाला, असं आहे होय, मग जाऊ द्या त्यांना. तिघेही आले, मुकुंदराव. आम्ही चौघे उपाशी पोटाने उभे राहिलो."

मग अण्णांचा आवाज खाली आला. "खरं सांगू? आमच्याकडे एरवी आवाजी मतदान असतं. होय म्हणणारे ओरडतात, नाही म्हणणारे ओरडतात, कोण ओरडला ते कुणी लिहीत नाही. मीही कधी ओरडलो, कधी नुसते ओठ हलवले, पुष्कळदा तर मांडवातच होतो. आज उभं करून मोजलं. माझं नाव विचारून लिहून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमदार झाल्यासारखं वाटलं बघा. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार कसले अण्णा, उपकार तुमचे," मुकुंदराव कसेबसे म्हणाले आणि मग त्यांना रडूच आलं. शिरस्तेदार चारचौघांत रडले. विमलाबाईंनी तिथेच खुर्चीपुढे पान मांडलं आणि वाढायला घेतलं.

सावनी फुलांच्या दागिन्यांसकट हळूहळू चालत आली. "अप्पा, रेश्मा आहे. तुमच्याशीच बोलायचंय म्हणते. माझ्याशी बोलायलाही तयार नाही."

मुकुंदरावांनी डोळे पुसले, फोन घेतला. रेश्माला त्यांनी कधी बघितलं नव्हतं. अळणावरजवळच्या खेड्यातली, कष्टकऱ्यांच्या घरातली पोर, इतकंच ठाऊक. पलीकडून घोषणांचा गलका ऐकू येत होता आणि त्यातून एक लहानसा आवाज.

"काका, त्ये जेवन सोडून आल्याले सायेब तुमच्या घरचे म्हनं."

"हो बाळ. आमच्याकडचेच."

ती म्हणाली, "काका, मला बी दिस गेल्यात. दुसरा म्हैना. नोकरी जाईल म्हून कुनाला बोलली न्हाई. घरातबी न्हाई, नवऱ्यालाबी न्हाई. पोट खाली करावं का काय, त्योच इचार चालला हुता. परवाची दवाखान्याची येळ बी घेटली हुती. आता न्हाई जायाची मी तकडं. पयल्यांदा तुमास्नीच सांगते हाय."

मुकुंदरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. समोर पान वाढून तयार होतं, विमलाबाई होळगीवर तूप घालत होत्या. मग जे आयुष्यभर येत होतं तेच तोंडात आलं.

"पोरी, सातव्यात मळमड्डीला यायचं. तुझं कुबस आमच्याकडे. मी घ्यायला येतो."