उलट्या बाजूला लोळवलेली म्हैस

माझा हात कोपरापर्यंत म्हशीच्या आत होता आणि बोटांना जे लागत होतं ते काही बरं नव्हतं. थोड्या वेळापूर्वी वाट अरुंद होती. आता तर बोटंही पुढे जाईनात. गोठ्याभोवती अर्धं रामाकोना गाव जमलेलं. म्हशीचे मालक वासुदेवभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मोकळं झालं का, मॅडम?"



मी सौंसरला जनावरांची डॉक्टर आहे. खासगी प्रॅक्टिस करते. केस काय होती ते आधी सांगते. व्यायच्या वेळी कधी कधी म्हशीची गर्भपिशवी स्वतःभोवती फिरते. आम्ही त्याला टॉर्शन म्हणतो, साध्या भाषेत पिशवीला पीळ पडतो. ओला टॉवेल पिळल्यावर पडतात तशा घड्या हाताला लागतात. रेडकू त्यातून बाहेर येऊ शकत नाही. म्हैस कळा देऊन देऊन थकते आणि वेळेत पीळ सुटला नाही तर दोघंही जातात.

उपाय ऐकायला गमतीचा आहे. म्हशीचे पाय बांधून, ज्या बाजूला पीळ असेल त्या कुशीवर तिला झोपवायचं. पोटावर लांब फळी ठेवून तिच्यावर एक माणूस उभा करायचा, म्हणजे आतली पिशवी जागच्या जागी दबून राहते. मग बाकीच्यांनी दोर ओढून म्हशीला त्याच बाजूला झटक्यात पलटवायचं. पिशवी थांबते, म्हैस फिरते, पीळ सुटतो. फक्त बाजू बरोबर ओळखायला हवी. चुकली तर पीळ आणखी आवळतो.

बहुतेक म्हशींना पीळ उजवाच पडतो. मी हात घातला, घड्या लागल्या आणि मी जाहीर केलं, "राइट आहे. उजव्या कुशीवर घ्या." चांगलं मोठ्यानं जाहीर केलं. कारण मला ते गावाला ऐकवायचं होतं.

त्याचं असं झालं होतं, की महिनाभरापूर्वी याच गोठ्यातली दुसरी म्हैस माझ्यासमोर गेली. निरोपच उशिरा आला होता, कोणाच्याही हातात काही उरलं नव्हतं. पण गावात बोललं गेलं, की या बाईच्या हाताला गुण नाही. डॉक्टरच्या बाबतीत हे एकदा बोललं गेलं की संपलं. माझा फोन वाजेनासा झाला. दिवसभर तो समोर ठेवून मी बसायची. घरात चिडचिड करायची. भाजीवाली "आज फुरसत आहे का, मॅडम?" म्हणाली, तरी मला ते लागायचं. म्हणून वासुदेवभाऊंचा पुन्हा फोन आला तेव्हा मी ठरवूनच निघाले होते, की या वेळी दाखवून द्यायचं.

आणि आता, उजवीकडे लोळवल्यावर, पीळ आवळला होता.

त्या क्षणी डोकं कसं चालतं बघा. मला वाटलं, फळीवरचा माणूस हलका असेल. दोर ढिले ओढले असतील. परत उजवीकडेच लोळवू. तोंडातून ते निघणारच होतं. निघालं असतं तर पिशवी फाटली असती.

मी ख्रिस्ती आहे. केसच्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना करते. त्या महिन्याभरात माझी प्रार्थना एकच उरली होती, की प्रभू, माझी लाज राख. तेव्हाही मी तेच म्हणत होते. आणि मी काय मागतेय ते माझं मलाच ऐकू आलं. समोर म्हैस मरायला टेकली होती आणि मी स्वतःच्या नावासाठी देवाला साकडं घालत होते.

देवाचं प्रेम कमवावं लागत नाही, हे मी लहानपणापासून शिकलेय. संडे स्कूलमध्ये त्याची उत्तरं धडाधड द्यायची. जगत मात्र वेगळीच होते. फोन वाजला तर मी कोणीतरी, नाही वाजला तर कोणीच नाही. त्या गोठ्यात, शेणात गुडघे टेकलेले असताना, ते शिकलेलं पहिल्यांदा माझ्याबद्दल खरं वाटलं. ही म्हैस जगो वा मरो, मी देवाची लेक आहे. ते माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, रामाकोनाही नाही. आवाज वगैरे काही आला नाही. खांदे तेवढे सैल झाले आणि मला रडू आलं. मी पुन्हा नीट हात फिरवला. घड्या डावीकडे वळत होत्या.

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हटलं. "पीळ डावा आहे. मी उलट्या बाजूला लोळवायला लावलं."

गर्दीतून एक जण हसला. "घ्या! मी म्हनलंच होतं."

"तू चूप राह्य ना बे," वासुदेवभाऊ म्हणाले. मग मला, "आता कोन्या बाजूनं, ते सांगा."

"गॅरंटी नाही, भाऊ. पांढुर्ण्याहून दुसरे डॉक्टर बोलवायचे असतील तर मीच फोन लावते. मला वाईट वाटणार नाही." बोलल्यावर लक्षात आलं, की खरंच वाईट वाटणार नव्हतं.

"ते येईपर्यंत हे राहीन का?"

"नाही."

"मंग टाइम कायले घालवून राहिलो आपण? धरा रे दोर!"

डाव्या कुशीवर घेतलं. पहिल्यांदा अर्धवट सुटलं. दुसऱ्यांदा लोळवलं आणि आतलं पाणी धो धो बाहेर आलं, माझ्या अंगावरच. वाट मोकळी झाली होती. रेडकू ओढून काढलं. ते मेलेलं होतं. माझ्या चुकीच्या पलटीनं गेलं की आधीच गेलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. म्हैस मात्र तासाभरात उठली आणि तिनं पेंडीत तोंड घातलं.

वासुदेवभाऊंच्या घरच्या कुसुमवहिनींनी गरम पाण्यानं माझे हात धुतले. चहा दिला. मी भाऊंना विचारलं, "मागच्या वेळी म्हैस गेली, तरी मलाच का बोलावलं?"

"मागची गेली तवा तुमी लगेच घरी नाही गेल्या," ते म्हणाले. "तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. गुन तं काय, कधी येते, कधी नाही येत. पन जनावरावर माया कराचं सगळ्यायले जमत नाही, मॅडम."



सौंसरला आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारच्या प्रार्थनेत साक्ष देण्याची पद्धत आहे, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. साक्षी सगळ्या यशाच्याच असतात. आजार बरा झाला, बढती मिळाली. त्या रविवारी मी उठले आणि म्हशीला उलट्या बाजूला लोळवल्याचं सांगितलं. रेडकू मेल्याचं सांगितलं. तरीही देवाच्या प्रेमात मी सुरक्षित आहे, एवढं म्हणून बसले. आमेन म्हणावं की नाही, ते कोणाला कळेना.

मग मागच्या बाकावरच्या शिक्षिकाबाई उठल्या. "मागच्या वर्षी मी सांगितलं होतं, की मुलाला नोकरी लागली," त्या म्हणाल्या. "नव्हती लागली. तो घरीच आहे. कोणाला भेटत नाही."

मग एकेक बाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसू लागली. त्या दिवशी सभा चांगलीच लांबली. दुपारी चार-पाच जणी त्यांच्याकडे गेल्या, मुलगा खोलीतून बाहेर आला आणि सगळ्यांबरोबर जेवला.

माझं म्हणाल, तर फोन हळूहळू वाजू लागले. आता पीळ कोणत्या बाजूचा ते मी दोनदा तपासते, आणि हळू आवाजात सांगते.