मागच्या बाकावरच्या रेघा

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की लातूरच्या कॉलेज लायब्ररीतला तो तास आठवतो. मी आणि नांदेडच्या कॉलेजातल्या बाई, आम्ही दोघी ग्रंथपालांनी एकमेकींचं शिकवणं बघायचं ठरवलं होतं. मी पोरींना कॉम्प्युटरवर पुस्तक शोधायला शिकवत होते आणि नांदेडच्या बाई मागच्या बाकावर बसून वहीत नुसत्या उभ्या रेघा ओढत होत्या. कसल्या रेघा असतील, या विचारानं माझं लक्षच लागेना. तास सुटताच मी वही मागितली. पान भरलेलं होतं. "ताई, सांगता तुम्ही लई छान," त्या म्हणाल्या, "पण पोरगी अडली की माऊस तुम्हीच हातात घेऊन राहिल्या. दर खेपेला एक रेघ ओढली." आता मी हात पाठीमागे बांधून शिकवते, पोरगी अडली की ते अजून शिवशिवतात.