खिडकीतली सासू

बुलेंगेच्या टेकडीवरच्या दवाखान्यात केसपेपरची खिडकी म्हणजे नाबोसा, आणि नाबोसा म्हणजे ती खिडकी. बावीस वर्षं. नवरा गेला तेव्हा ती रस्त्याकडेला केळी विकत होती. नर्सबाईंनी तिचं वळणदार अक्षर पाहिलं आणि तिला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीच्या जोरावर तिने आपल्या चार मुली वाढवल्या, बहीण गेल्यावर मागे राहिलेल्या तिच्या सात मुलीही सांभाळल्या, आणि अकराच्या अकरा जणी पंचक्रोशीतच उजवल्या. याचा तिला केवढा तोरा होता! असायलाच हवा.

सासूसमोर जावयाने येऊ नये, आला तर अंगात कापरं भरतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाबोसा ही रीत कसोशीने पाळी. वाटेत जावई दिसला की हीच गवतात उतरे. पण तिचा एक पक्का समज होता: पांढरा कोट चढवून काचेआड बसलं की आपण कुणाच्या सासूबिसू नाही, आपण दवाखाना.

गुरुवारी साखरेचा आणि बीपीचा दवाखाना भरे. बायका येत, तरणेताठे पुरुष काही येत नसत. कंपालाच्या मुख्य कचेरीला याचा घोर लागला. ‘लोकांच्या मनात काय आहे ते समजून घ्या,’ असा हुकूम सुटला. व्यवस्थापक कालांजी सरळ माणूस. त्याने दाराशी तक्रारपेटी लावली. तीन महिन्यांनी उघडली तर आत दोन चिठ्ठ्या: एकीत नोकरीची मागणी, दुसरीत दवाखान्याच्या शेळीने शेंगा खाल्ल्याची तक्रार. मग फणसाखाली सभा घेतली. टिपण घ्यायला नाबोसा. सभेला चार म्हातारे आले आणि सगळं उत्तम आहे म्हणून गेले. शेवटी एकवीस प्रश्नांचा फॉर्म आला. घरोघरी जाऊन तो भरायचं काम कुणाकडे? अर्थातच नाबोसाकडे. तिची चाहूल लागली की जावई मागच्या दाराने पसार, आणि त्यांचे फॉर्म बायका भरून देत: अडचण नाही.

“आळशी आहेत मेले,” नाबोसा कालांजीला म्हणाली. “बायकोने पाणी दिल्याशिवाय तहान लागत नाही यांना.”

थोरली नान्तेझा, तिच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली. अंगणात पाय टाकला तोच लेकीचा नवरा सेकिट्टो मागच्या केळीत शिरला. नाबोसाने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं, पण तेवढ्यात तिला दिसलंच. जावई एक पाय ओढत होता. त्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि त्याचा वास अंगणात मागे राहिला होता.

“कधीपासून?” तिने लेकीला विचारलं.

नान्तेझा रीतीप्रमाणे आईपुढे गुडघ्यांवर बसली होती, मान वर करेना. “चार महिने.”

“चार महिने! आणि हाकेच्या अंतरावर दवाखाना! पाय कापायची वेळ आली तर मग जाणार का तो? अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही दोघांनी?”

“आई, तिथे खिडकीत तू असतेस.”

“मग? मी काय खाते माणसं?”

“तू विचारतेस. नाव काय, वय काय, लघवीला कितीदा जाता, बायकोजवळ जाणं जमतं का. तेही खणखणीत आवाजात. कुठला जावई सांगेल गं सासूला?”

“खिडकीत मी सासू नसते.”

“हे तुला वाटतं. कोट घातला म्हणून काय सासूची आत्या होते?”

एरवी नाबोसा हसली असती. ती बोटं मोजू लागली. आपले चार. बहिणीचे सात, तेही जावईच. त्यांचे भाऊ, तेही बुजणारच. गुरुवारच्या वहीत कधीच न आलेली नावं एकेक करून समोर आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेटीत तरी कोण लिहिणार होतं? सासूबद्दल ब्र काढणं हेही रीतीबाहेरचंच.

त्या रात्री ती रडली. गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. खिडकी गेली तर आपण कोण, हे तिला खरंच माहीत नव्हतं. आणि पाय मात्र सेकिट्टोचा जाणार होता.

सकाळी तिने कालांजीसमोर एकच फॉर्म ठेवला. ‘मुख्य अडचण’ या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नाबोसा.

कालांजी हसला. मोठ्या बाईला इथे अदबीने ‘न्याबो’ म्हणतात, तोही तसंच म्हणाला: “काहीतरीच काय, न्याबो! तुमच्यावाचून हा दवाखाना चालेल का? आणि हल्ली कोण पाळतं हे सगळं?”

“साहेब, तुमच्या सासूबाईंसमोर बसून लघवीचं सांगाल?”

कालांजीही याच मातीतला. कानापर्यंत तापला आणि मुकाट्याने फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या गुरुवारी खिडकीत दुसऱ्या गावचा माणूस बसला. नाबोसाला मंगळवारचं लसीकरण दिलं, आणि गुरुवारी सुट्टी. सुट्टी कशी घालवायची हे काही तिला उमगेना. टेकडीची वाट तिच्याच घरावरून जात होती, म्हणून तिने सकाळीच दार लावून घेतलं. नाहीतर वाटेतच पाहून परत फिरतील, कुणी सांगावं!

पावलं वाजत होती. एक, मग दोघं तिघं मिळून. उशिरा एक काठी आली, थांबत थांबत. दारापाशी येऊन उभी राहिली.

“बरी आहेस ना, न्याबो?” बंद दाराबाहेरून सेकिट्टोचा आवाज आला. दाराआडून विचारायला रीतीची आडकाठी नव्हती.

“बरी आहे.” नाबोसा फळीला कान लावून उभी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने हळू आवाजात विचारलं, “पाय कसा आहे, बाबा?”

काठी उंबऱ्याला टेकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “दुखतोय, आई. फार दुखतोय.”