गादीवर बसून बघणारी

धाकटीला दुकानात सगळे फळी म्हणायचे. हे नाव तिच्या सख्ख्या भावानं पाडलं, बाहेरच्या कुणी नाही. दुकान खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्यांचं. दादा गिऱ्हाईक बघायचा आणि लाकूडकाम करायचा, थोरली बहीण फोम कापायची, मशीनवर कव्हरं शिवायची, आणि धाकटी बटणं-चेन लावायची आणि गादी झाली की तिच्यावर बसून बघायची. हसू नका, खरंच ते तिचं काम होतं. पोट सुटलं, मांड्या भरल्या, पण मागे मांस म्हणून नाही. हाडं थेट गादीला टेकायची. फोमचा जोड कुठे आलाय, आतल्या पिनेचं टोक कुठे वर आलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. "उजव्या बाजूला, चार बोटं मागे." थोरली उसवून बघायची, तर बरोबर तिथेच.

दादाला त्याचं मोठं कौतुक. गिऱ्हाईक आलं की हाक, "ए फळे, ये, बस जरा." आणि गिऱ्हाईकाला, "हिच्या हाडाला लागलं नाही ना, मग तुम्हाला जन्मात लागायचं नाही. तुम्हाला तर देवानं घरचीच गादी दिलीय." गिऱ्हाईक हसायचं. धाकटी पण हसायची. थोरलीला ते हसणं खरं वाटलं. वीस वर्षं खरं वाटलं. आता आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती आग दादावर कमी आणि स्वतःवर जास्त.

छत्तिसाव्या वर्षी एकदा जेवताना धाकटी म्हणाली, "मी ऑपरेशन करून घेतेय."

"कसलं? काय झालंय तुला?" थोरलीनं विचारलं.

"झालं काही नाही. पोटाची आणि मांड्यांची चरबी काढतात आणि मागे भरतात. चौकशी करून आलेय."

थोरलीनं हातातला घास ताटात ठेवला. "वेडी झालीस का गं? या वयात कुणाला दाखवायचंय?"

"कुणालाच नाही. ताई, तू कधी बाकावर बसताना आधी हात लावून बघतेस का, किती कडक आहे ते? मी बघते. बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे. आणि दुसरं म्हणजे मला फळी म्हणून मरायचं नाहीये."

दादा तेव्हा समोरच बसला होता. त्याला वाटलं असेल काहीतरी, पण तोंडातून आलं ते हे, "कर बाई काय करायचं ते. फक्त बाहेर बोलू नका. कुणी विचारलं तर कंबरेचं ऑपरेशन सांगा. दुकानात गिऱ्हाईक येतं, लोक दात काढतील." स्वतः वीस वर्षं दात काढत होता ते चाललं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि हातात एक कागद दिला. कागदावर वरच ठळक अक्षरात, सहा आठवडे बसू नका. खाली, बसावंच लागलं तर भार मांड्यांवर घ्या, मागचा भाग टेकू देऊ नका. का, तर भरलेली चरबी नवी असते, दाब पडला की मरते, सगळं ऑपरेशन वाया. एवढं थोरलीला नीट समजलं. तिनं कागद फ्रिजवर चिकटवला आणि घरातल्या दोन्ही खुर्च्या उलट्या करून ठेवल्या, चुकून बसायला नको म्हणून.

पहिला आठवडा धाकटी पालथी. झोपायचं पालथं, वाचायचं पालथं. जेवायची उभ्यानं, नाहीतर पलंगापाशी गुडघ्यावर. संडासात दोन्ही हात समोरच्या भिंतीला टेकून पुढे झुकून बसायची, आणि बाहेर आली की घामाघूम. दादा दारातून म्हणायचा, "काय, पोहायला शिकतेस का?" ती पालथ्यापालथ्याच त्याच्यावर चप्पल फेकायची. एकदा तिनं थोरलीला बोलावलं, सुई मागितली आणि मांडीत मागच्या बाजूला टोचून दाखवली. "बघ, काही कळत नाही. चरबी काढली ना, तिथे सगळं बधिर. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू." दोघी खूप हसल्या. थोरली म्हणाली, "आता तुला पिनकुशन करून ठेवते."

हे वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलंय. विसरता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका हॉलच्या दीडशे खुर्च्यांचं काम आलं. दादा म्हणाला, "किती दिवस पालथी पडणार? चेन तर लाव. तुम्ही दोघी गाद्या करणाऱ्या, बसायची सोय करता येत नाही होय?" आणि थोरलीला ते पटलं. पटलं कसलं, तिला स्फुरणच चढलं. जगाला बसवलं, बहिणीला बसवता येऊ नये?

तिनं अर्धा दिवस घालवून गादी केली. सगळ्यात कडक फोमचे दोन ठोकळे, मांड्यांखाली येतील असे. मागची बाजू पूर्ण कापलेली, म्हणजे कुल्ले हवेत, कशालाच टेकायला नकोत. पुढची कड दबून जाऊ नये म्हणून तिथे जाड पायपिंग, म्हणजे आत दोरी भरलेली कापडी पट्टी, दोनदा शिवण मारून, ताणून. दिसायला अशी सुबक झाली की शोकेसमध्ये ठेवावी.

धाकटी जपून बसली. थोरली खाली वाकली, मागून हात घालून बघितलं, चार बोटं मोकळी जागा. "कुठे लागतंय?"

"कुठेच नाही."

"नीट सांग. पुढे? गुडघ्यामागे?"

"अगं कुठेच नाही. पाण्यावर बसल्यासारखं वाटतंय."

झालं. वीस वर्षं जिच्या सांगण्यावर गाद्या दुकानाबाहेर गेल्या तिनं पास केलं. तिनं नाही म्हटलं म्हणजे नाही. चार दिवसांपूर्वी त्याच मांडीत सुई टोचली होती आणि तिला कळली नव्हती, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग ती बसली. सकाळी नऊला बसायची ती जेवायलाच उठायची, आणि जेवण झालं की परत. बरंच वाटत होतं ना, उठेल कशाला. पाच दिवस. तपासणीला गेली तेव्हा गादी बरोबर नेली, तर क्लिनिकच्या काउंटरवरची बाई वेडीच झाली. "कुठून घेतलीत? आमच्या सगळ्या पेशंटना हवीय. दहा करून द्याल?" धाकटी घरी येऊन अशी मिरवली, जणू तिलाच बक्षीस मिळालं. डॉक्टरांनी मागचं बघितलं, छान आहे म्हणाले. पाय कुणी बघितले नाहीत. किती वेळ बसता, कुणी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. दोन्ही पाय शेजारी ठेवले तर डावा जाड दिसत होता, गरमही लागत होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे दादा घेऊन गेला. थोरली मशीनवर होती, ती गेली नाही. डॉक्टरनं विचारलं, काही आजार, औषध, ऑपरेशन? दादा म्हणाला, "काही नाही हो, दिवसभर बसून काम, पाय अवघडलाय." कंबरेचं ऑपरेशन एवढं खोटं तरी बोलायचं. तेही नाही बोलला. धाकटी खाली बघत राहिली. मलम मिळालं आणि पाय वर ठेवून आराम करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आराम सोडून परत त्या गादीवर बसून चेन लावत होती. "ताई, दम लागतोय गं," म्हणाली. "जिना न चढता कसा लागला?" थोरलीनं मान वर न करता विचारलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटी उभी राहिली आणि तशीच खाली कोसळली, टेबलावरच्या चेन सगळ्या अंगावर घेऊन.

मोठ्या हॉस्पिटलात दुपार व्हायच्या आत संपलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेतलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली. "ऑपरेशननंतर हा धोका असतोच. त्यात चालणं नाही, सतत बसणं. पाय दाखवला त्या डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगितलं होतं का?" थोरलीनं दादाकडे बघितलं. दादानं भिंतीकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही गुडघ्यांमागे हे वळ कसले?"

थोरलीला बघायलाही लागलं नाही. जाड पायपिंग, दोनदा शिवण.

भेटायला लोक आले. "कंबरेच्या ऑपरेशननं कुणी जातं का?" म्हणून हळहळले, आणि ज्यांना आतून कळलं होतं ते दाराबाहेर गेल्यावर एकमेकांना कोपरानं ढोसत होते. थोरलीनं खिडकीतून बघितलं. तिला वाटलं, जावं आणि एकेकाच्या थोबाडीत द्यावी. पण कुणाच्या देणार? खोटं तर घरातूनच निघालं होतं.

दोन आठवड्यांनी क्लिनिकचा फोन आला. दहा गाद्यांचं काय झालं? दादानं घेतला. फोन ठेवून म्हणाला, "काम आधीचं आहे. शब्द दिलाय."

"कुणी दिलाय?"

"तिनंच दिला होता."

"तिचं नाव घेऊ नकोस. तुला तिचं नाव तरी कधी घेता आलं? फळे, फळे, फळे. गिऱ्हाईकासमोर बसवत होतास तिला, माकडासारखं. आणि डॉक्टरसमोर तोंड शिवलं तुझं. एक शब्द बोलला असतास तर वाचली असती."

दादाचा चेहरा पांढरा पडला. मग तो म्हणाला, "आणि गादी कुणी शिवली?"

थोरलीनं धाकटीची ती गादी उचलली, पिशवीत घातली आणि तडक क्लिनिकला गेली.

काउंटरवरच्या बाईनं ओळखलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ऐकलं आम्ही. फार वाईट झालं. पण आमच्या कागदावर सगळं स्पष्ट असतं हो. बसू नका असं लिहिलेलंच आहे."

"बसू नका लिहिलंय. उठा कुठे लिहिलंय?"

बाईनं कागद काढला, उलटा केला आणि मागच्या बाजूला अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात बोट ठेवलं. नियमित हालचाल ठेवावी.

"हालचाल म्हणजे काय?" थोरलीचा आवाज चढला. "मी जेवताना हात हलवते, तीही हालचालच. चला, चाला, पोटरी सुजली तर धावत या, हे लिहायला शाई संपली का तुमची? मागच्याची काळजी पहिल्या ओळीत आणि जिवाची मागच्या पानावर?"

"ताई, हळू बोला. पेशंट बसलेत."

बसलं कुणीच नव्हतं. तीन बायका भिंतीला धरून उभ्या होत्या, एक जाडी मुलगी कोचावर गुडघे टेकून पाठमोरी. चौघी बघत होत्या. थोरलीनं पिशवीतून गादी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "ही माझ्या बहिणीची. मी शिवलीय. हिच्यावर बसून मेली ती. ही कड बघा. हिनं गुडघ्यामागची शीर दाबली. मांड्या बधिर असतात तुमच्या, तुम्हाला कळणार नाही. लागत नाही म्हणजे बरंय, असं समजू नका. बसायचं तर गुडघ्यामागे दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा. घड्याळ लावून बसा, अर्ध्या तासाला उठा, चाला. एक पाय सुजला, दुखला, दम लागला, तर मलम नाही, मोठं हॉस्पिटल. आणि तिथे लाज न धरता सांगा काय केलंय ते."

डॉक्टर बाहेर आले, "हे काय चाललंय," म्हणाले. वॉचमननं तिचा दंड धरला. ती स्वतःच निघाली. गाद्या मिळणार नाहीत, एवढं जाता जाता सांगितलं.

पाचव्या दिवशी, क्लिनिकात कोचावर गुडघे टेकून होती ती मुलगी दुकानात आली. आईला घेऊन. दारातच घुटमळत होती. दुकानात एक गिऱ्हाईक सोफ्याचं कापड बघत होतं आणि दादा माप घेत होता.

"माझ्यासाठी कराल का?" ती पुटपुटली. "तशी नाही. तुम्ही म्हणालात तशी."

थोरलीच्या मनात आलं, नाही म्हणावं, हाकलून द्यावं, पुन्हा या जन्मात तसला फोम हातात घेऊ नये. मग तिनं टेप काढला. मुलीची मांडी मापली, गुडघ्यापासून दोन बोटं आधीच खूण केली. पुढची कड तासून उतरती केली, मऊ फोम लावला, पायपिंग नाही. दुपार झाली. मुलगी बसली, आणि तिला विचारण्याऐवजी थोरली स्वतः गुडघे टेकून खाली बसली, दोन बोटं घातली, दोन्ही पोटऱ्या चाचपल्या, घड्याळ बघितलं.

अर्धा तास झाला. "उठ."

"पाचच मिनिटं. दहा दिवसांनी बसायला मिळतंय, खूप बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणूनच सांगतेय. उठ म्हटलं ना!"

मुलगी दचकून उठली. मघाचं गिऱ्हाईक कापड ठरवायला परत आलं होतं, ते वळलं. "काय झालंय हो हिला?" त्यानं दादाला विचारलं. "कंबर का?"

दादानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याला बोलू दिलं नाही.

"कुल्ल्यांचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचंही तेच झालं होतं. आम्ही ते लपवलं आणि ती गेली. आणखी काही विचारायचंय?"

गिऱ्हाईकानं मान हलवली आणि कापडाकडे बघायला लागलं. दादा टेप हातात धरून उभा राहिला, गुंडाळायचा विसरला. मुलगी दुकानात फेऱ्या मारायला लागली, दारापासून मशीनपर्यंत, मशीनपासून दारापर्यंत, आणि थोरली मोजत होती.