कोरा पाळणा

माझे वडील मानोऱ्याकडचे सुतार. शेलूबाजारच्या बाजारात पोलपाट, लाटणी, पाळणे विकणारे सुतार पुष्कळ बसत. पण तापल्या सळईने सागवानावर वेल उठवावी ती बाबांनीच. त्या जळक्या नक्षीला आम्ही डाग म्हणायचो. दागिन्यालाही डागच. लेकीला बिनडागाचं पोलपाट-लाटणं दिलं, की बायका म्हणत, लंकेची पार्वती करून धाडली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा बाबांनी पाळण्याच्या चारी बाजूंनी वेल डागली. मुलगा झाला. बाबा पाळण्याजवळून हलेनात. माय म्हणाली, "नातू काय तुमालेच झाला?"

मग एका सकाळी बाळाचं पोट फुगलं. दूध ओढेना. अशा वेळी पोटावर तापल्या लोखंडाचा चटका द्यायचा, त्यालाही आमच्याकडे डागच म्हणत. तो देणारी म्हातारी परगावी गेलेली. शेजारणी बाबांना म्हणाल्या, "तुमीच द्या. तुमच्यावानी हलका हात कोनाचा हाये?"

"लाकडाची गोष्ट अलग हाये," बाबा म्हणाले.

पण बाळ निळं पडायला लागलं, तेव्हा त्यांनी तीच वेलीची सळई भट्टीत घातली. चटका देताना त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. बाळ किंचाळलं. मला बाबांचा भयंकर राग आला आणि वेडी आशाही वाटली. दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

त्यानंतर बाबांनी सळई हातात धरली नाही. रंगीत पाळणे आले म्हणून सुताराची नक्षी मागे पडली, असं बाजारात लोक म्हणत. म्हणोत बापडे.

पुढे मला सासरी मुलगी झाली. बाबांनी पाळणा पाठवला, तो कोरा. सासू म्हणाली, "कावं, बापानं एक डागही नाही देल्ला?" मी पाळण्यात दुपटं अंथरलं. पण मलाही लागलं. माझ्या लेकीला वेल हवी होती. बाबा आले की मागायचीच, असं मी ठरवलं.

बारशाला ते आले. पाळण्याशी बसले आणि मुलीचं झबलं हळूच वर केलं. तिच्या पोटावरून बोट फिरवत राहिले.

"कोरं हाये, माय," मला म्हणाले आणि ढसाढसा रडले.

मी वेल मागितली नाही.