गट नंबर एकशे बेचाळीस

प्रतिक्षा जवळा बाजारला माझ्या दुकानात प्रोग्राम लिहायची. शेजारी खताचं गोदाम, समोर आठवडी बाजार, आणि ही पोरगी दिवसभर पायथनमध्ये डोकं घालून बसलेली. बोलायची कमी, पण वादाला उभी राहिली की मागे हटायची नाही.

पाणी वापर संस्थेचं एक काम आम्हाला मिळालं होतं. पाटाला पाणी सुटलं की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर निरोप जायचा. प्रोग्राम चालू लागला तशी प्रतिक्षा म्हणाली, "दादा, कोणती माहिती आकडा अन् कोणती मजकूर, ते कोडमधी जागोजागी लिहून ठेवू. दोन दिवस द्या. चूक असली तर आधीच दिसंल."

"पायथन मागत न्हाई, तू काहून लिहून राहिली?"

"मागत न्हाई. उद्या चुकलं तर सांगणार बी न्हाई."

आठवडाभर हुज्जत चालली. मालक मी, म्हणून जिंकलो मी. मोठा शहाणाच ना!

मार्चमध्ये पाणी सुटलं. सगळ्या शिवाराला निरोप गेले, फक्त प्रतिक्षाच्या घरी गेला नाही. पाळी हुकली आणि फुलावर आलेला भुईमूग करपला.

कारण तिला पाच मिनिटांत सापडलं. भावांनी जमीन वाटली की गट नंबरला फोड पडते, १४१/१, १४१/२. मधल्या रेघेमुळे प्रोग्राम तो मजकूर धरायचा. तिचे वडील कोंडीबा आणि चुलते संतराम एकत्रच होते, त्यांचा गट नुसता १४२. पाळीच्या यादीत तो आकडा झाला, फोनच्या यादीत मजकूर, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही. आमच्या यादीत न वाटलेलं घर तेवढं एकच उरलं होतं.

"आत्ता दुरुस्त करते," ती म्हणाली. मी हात लावू दिला नाही. चूक उघडी पडली असती.

यादीतला फोन संतरामकाकांचा होता. कोंडीबांनी धरून ठेवलं, थोरल्या भावानं निरोप पाहिला, विसरला आणि आता नाकारतो आहे. प्रतिक्षानं जीव तोडून सांगितलं, पण कुणाला पटेना. शेवटी कोंडीबा तिला घेऊन दुकानात आले.

"सगळ्याईला निरोप आला. मशीन आमालाच काहून इसरंल? तुमी खरं सांगा, मशीन चुकलं का?"

संस्थेचे दोघे जण तिथंच बसले होते. काम जाईल म्हणून मी भ्यालो.

"मशीन बराबर हाय," मी म्हणालो.

प्रतिक्षा माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. मला माझी लाज वाटते, पण आता ती सांगू कुणाला?

उन्हाळ्यात दोघा भावांची वाटणी झाली. वावरात मधोमध तारेचं कुंपण आलं. प्रोग्राम आहे तसाच आहे, मी त्यात एक अक्षर बदललेलं नाही.

पुढच्या पाळीला १४२/१ ला निरोप गेला आणि १४२/२ लाही गेला, अगदी बराबर वेळेवर.