फान्यामावशीचा शुद्ध आशीर्वाद

ग्रीसच्या हद्दीत, लेरीन शहराखालच्या गावात फान्यामावशी कागदावर फोतिनी होती आणि घरात फान्या. शाळेत मॅसिडोनियन शब्द तोंडून निघाला की हातावर पट्टी बसायची. त्यामुळे ती माणसांशी ग्रीक बोले आणि घरची भाषा कोंबड्यांशी. कोंबड्यांनी साठ वर्षांत एकदाही चुगली केली नाही.

तिची बहीण लढाईत लहानपणीच सीमेपलीकडे मॅसिडोनियात गेली, ती तिथल्या बितोला शहराचीच झाली. मरण्यापूर्वी तिने एकच मागितलं: "माझ्या नातवाच्या लग्नात कणकेवर तू बोल. आई बोलायची तसंच." लग्नाचा पाव मळताना घरातल्या थोरल्या बाईने आशीर्वाद म्हणायचा, ही आमची रीत.

नातवाला मुलगी ठरली अल्बानियातली, प्रेस्पा तळ्याकाठची. भाषा तीच, देश तिसरा. बहिणीचा मुलगा किरो, नवरदेवाचा बाप, म्हणाला, "मावशी, जरा शुद्ध बोल हं. आपलं खेडवळ त्यांना काय कळणार?"

मावशी तीन महिने मॅसिडोनियाच्या राजधानीच्या, स्कोपियेच्या टीव्हीवरच्या बातम्यांसमोर बसून शुद्ध भाषा शिकली.

लग्नाच्या आदल्या सकाळी परातीत पीठ पडलं. बायका भोवती जमल्या. मावशीने घसा साफ केला.

"नवदांपत्याच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे."

परातीपलीकडे मुलीची आजी मेन्का होती. तिने मान लववली. "उभय पक्षांतील सहकार्य वृद्धिंगत होईल, असा विश्वास आहे." तिच्या गावातही तेच चॅनेल दिसतं.

पुढचं दोघींनाही येईना. बातम्यांत यानंतर हवामान असतं. मावशीचे हात थांबले. आईचे शब्द तिला आठवत होते, पण ते या शुद्ध भाषेत मावेनात, आणि बहिणीला दिलेला शब्द कणकेसारखा वाळत चालला.

मेन्काला राहवलं नाही. "अगं बाई, कोरडी पडली की! पाणी घाल, का पोरांना दगड चारतेस?"

"घालते गं! नुसती बघतेस काय, बुडव की तूही हात!"

दोघी चपापल्या. एकमेकींचं खेडवळ बोलणं सगळंच कळलं होतं.

मग मावशी डोळे मिटून आईचं बोलू लागली: "ही फुगेल तसं घर फुगू दे. चूल विझायला सवड मिळू नये. भांडाल तर जेवायच्या आधी भांडा..." मेन्का मागोमाग म्हणत होती. दोन-तीन शब्द तिच्याकडे निराळे होते. तिने खुशाल आपले घातले.

"पुन्हा म्हण," हात पुसत मेन्का म्हणाली. "धाकट्या नातीच्या वेळी मला लागेल."

"तेव्हा मलाच बोलाव. तू मध्ये आपले शब्द घुसवतेस."

"घुसवणारच. पण ये."